‘हिला जरा ताळ्यावर आणा’: डोराची केस स्त्रीवादी मानसोपचाराच्या नजरेतून

ऑक्टोबर १९०० मध्ये व्हिएन्नातले एक कापड गिरणीमालक आपल्या मुलीला मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या डॉ. सिग्मंड फ्रॉइडकडे घेऊन आले. मुलीला अठरा पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले होते. तिला यायचं नव्हतं, वडिलांच्या शब्दापुढे काही चाललं नाही म्हणून ती आली. तक्रारी बऱ्याच होत्या. आठव्या वर्षापासून अधूनमधून दम लागायचा, बाराव्या वर्षाच्या सुमारास अर्धशिशी आणि खोकला सुरू झाला, आणि मधूनच आवाज जायचा तो आठवडेच्या आठवडे परत यायचा नाही. विजेचे उपचार झाले, पाण्याचे उपचार झाले, गुण आला नाही. आता तर जगणं नको झाल्याची चिठ्ठी तिने लिहून ठेवलेली आईवडिलांच्या हाती लागली होती, आणि वडिलांशी झालेल्या एका वादावादीनंतर ती बेशुद्ध पडली होती. पण वडिलांनी डॉक्टरांना जे सांगितलं त्याचा रोख खोकल्यावर किंवा चिठ्ठीवर नव्हता. मुलगी एका कुटुंबाशी संबंध तोडा म्हणून हटून बसली होती. हिला जरा ताळ्यावर आणा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आपल्याकडे समुपदेशन करणाऱ्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. ‘मॅडम, आमचं ऐकत नाही, तुम्हीच हिला समजवा.’ म्हणणारे कधी वडील असतात, कधी नवरा, कधी सासू. बाई शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेली असते आणि तक्रार तिच्या वतीने दुसरंच कुणीतरी सांगत असतं. केस कुणाची आणि मागणी कुणाची, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे पहिल्याच भेटीत लक्षात घेणं, हा माझ्या मते स्त्रीवादी मानसोपचाराचा गाभा आहे. बाकीची तंत्रं त्यातून निघतात. हे दाखवायला डोराच्या केसइतकी चांगली केस मला माहीत नाही, कारण तिच्यात सगळे तपशील खुद्द डॉक्टरांनीच लिहून ठेवलेत. फ्रॉइडने ही केस १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. डोरा हे त्याने दिलेलं नाव. मुलीचं खरं नाव इडा बाउअर, पुढे ऑस्ट्रियातला मोठा समाजवादी नेता झालेल्या ओटो बाउअरची ही धाकटी बहीण. इथे मी तिला इडाच म्हणणार आहे.

घरची परिस्थिती

इडा सहा वर्षांची असताना वडिलांना क्षय झाला आणि कुटुंब आल्प्समधल्या मेरानो या गावी राहायला गेलं. वडिलांना लग्नाआधीच सिफिलिस हा गुप्तरोग झालेला होता, त्यासाठी त्यांनी फ्रॉइडकडूनच उपचार घेतले होते. आई दिवसभर घर घासत-पुसत असायची. फ्रॉइडने तिला ‘गृहिणीचा मनोविकार’ जडल्याचं लिहिलं, आणि विशेष म्हणजे तिला एकदाही न भेटता लिहिलं. नवऱ्याचा आजार तिच्याही शरीरात आला असावा अशी चिन्हं त्याच केसमध्ये नोंदलेली आहेत. ज्या बाईला घरात आलेल्या आजाराबद्दल बोलायची सोय नाही, ती घर घासत बसते, तर त्या घासण्याचा अर्थ काय लावायचा? फ्रॉइडने तो प्रश्न विचारला नाही.

मेरानोत बाउअर कुटुंबाची एका जोडप्याशी घसट वाढली. केसमध्ये त्यांना के. म्हटलंय. सौ. के. यांनी आजारी वडिलांची शुश्रूषा केली आणि पुढे दोघांचे संबंध जुळले. इडा के. यांच्या दोन मुलांना सांभाळायची. श्री. के. इडाला फिरायला न्यायचे, भेटवस्तू द्यायचे, एक वर्षभर त्यांनी तिला रोज फुलं पाठवली. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

इडा चौदा वर्षांची असताना श्री. के. यांनी तिला काही निमित्ताने आपल्या दुकानात बोलावलं, बाकीच्यांना आधीच वाटेला लावलं, दाराचं शटर ओढून घेतलं आणि तिला धरून चुंबन घेतलं. तिला किळस आली, ती पळाली. सोळाव्या वर्षी एका तळ्याकाठच्या मुक्कामात त्यांनी तिच्यापुढे उघड प्रस्ताव ठेवला. ‘तुला ठाऊकच आहे, मला माझ्या बायकोकडून काही मिळत नाही,’ अशी सुरुवात होती. इडाने त्यांच्या थोबाडीत दिली. हेच वाक्य श्री. के. यांनी त्याआधी आपल्या मुलांच्या गव्हर्नेसला, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईला, म्हटलं होतं, तिला नादी लावलं होतं आणि मग टाकलं होतं, हे त्या गव्हर्नेसनेच इडाला सांगितलेलं होतं. आणि आपल्या पत्नीबद्दल जवळपास हेच शब्द इडाच्या वडिलांनी फ्रॉइडसमोर उच्चारले.

इडाने पंधरवड्यानंतर हे आईला सांगितलं, आईने वडिलांना. श्री. के. यांना विचारणा झाली. त्यांनी साफ नाकारलं, वर सांगितलं की मुलगी पाओलो मांतेगाझाची कामविषयक पुस्तकं वाचते, तिच्या डोक्यात तेच चालू असतं, हे सौ. के. यांनीच आपल्याला सांगितलंय. वडिलांनी ते मानलं.

अकरा आठवडे

फ्रॉइडबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. वडिलांनी कल्पनाविलास म्हणून उडवून लावलेली हकीकत त्याने खरी मानली. मुलीचं सांगणं वस्तुस्थितीला धरून आहे असा निष्कर्ष त्याने लेखी दिला. वडिलांच्या आणि सौ. के. यांच्या संबंधांकडे श्री. के. यांनी कानाडोळा करावा म्हणून आपल्याला त्यांच्या हवाली केलं गेलं, ही इडाची भावनाही त्याने नोंदवली, आणि तिला पुष्कळ आधार आहे हे मान्य केलं. त्या काळच्या व्हिएन्नात एका मुलीचा शब्द एवढा मानला जाणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण मानल्यावर त्याने जे केलं त्याला माझा आक्षेप आहे. त्याचं म्हणणं असं की वडिलांवरच्या तिच्या आरोपांच्या आड स्वतःवरचे आरोप दडले आहेत, आणि मनातून तिचं श्री. के. यांच्यावर प्रेम आहे. दुकानातल्या चुंबनाची तिला किळस आली, तर ती किळसच हिस्टेरियाचं, म्हणजे मनातून उद्भवणाऱ्या शारीरिक तक्रारींना तेव्हा जे नाव होतं त्या आजाराचं, लक्षण. निरोगी मुलीला अशा वेळी सुखद उत्तेजना वाटली असती, असं त्याने लिहिलं. चौदा वर्षांची मुलगी, ओढलेलं शटर, वडिलांच्या ओळखीतला प्रौढ पुरुष, हे सगळं चित्रातून गळालं. ती नाही म्हणाली तर नकारातच होकार आहे असा अर्थ लावला गेला. थोबाडीत मारण्याचं कारण त्याला सापडलं तेसुद्धा मत्सर: गव्हर्नेसला म्हटलेलं वाक्य मला का, म्हणून.

किल्लीचा प्रसंग मला या केसमधला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तळ्याकाठच्या मुक्कामात दुपारी झोपलेली इडा जागी झाली तेव्हा श्री. के. तिच्यासमोर उभे होते. विचारलं तर म्हणाले, माझ्याच खोलीत मला यायला बंदी आहे का? तिने सौ. के. यांच्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलताना दार लावून घेतलं. त्याच दुपारी पाहिलं तर किल्ली गायब. ती श्री. के. यांनीच काढली असणार अशी तिची खात्री होती. त्यानंतर रोज सकाळी ती घाईघाईने कपडे करायची, आणि त्याच रात्रींमध्ये तिला घराला आग लागल्याचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं: वडील पलंगाशी उभे आहेत, आई दागिन्यांची पेटी वाचवायला बघतेय, आणि इडा भराभर कपडे करून बाहेर पडतेय. वडील परत निघाले तेव्हा मी इथे राहणार नाही म्हणून ती हट्टाने त्यांच्याबरोबर गेली.

फ्रॉइडने या स्वप्नात दागिन्यांची पेटी म्हणजे स्त्रीचं गुप्तांग असा अर्थ लावला, आणि उघडी खोली-बंद खोली यांचाही तसाच. १४ ऑक्टोबरला मित्राला, विल्हेल्म फ्लिसला, लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ही नवी केस आपल्या जवळच्या चावीजुडग्याने सहज उघडली. एका बाजूला आपलं दार बंद ठेवू पाहणारी मुलगी आणि दुसऱ्या बाजूला तिला उघडल्याचं समाधान मानणारा डॉक्टर. हे वाचताना मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

३१ डिसेंबर १९०० ला इडाने सांगितलं, आज शेवटचा दिवस. कधी ठरवलंस, असं विचारल्यावर म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. ही तर मोलकरणीची किंवा गव्हर्नेसची पंधरवड्याची नोटीस झाली, असं फ्रॉइडने म्हटलं. तिने नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि ती गेली. फ्रॉइडला हा सूड वाटला.

हीच केस स्त्रीवादी उपचारकाकडे आली असती तर

काळ वेगळा आहे, हे मान्य. स्त्रीवादी मानसोपचार ही १९६०-७० च्या दशकांतल्या अमेरिकी स्त्री चळवळीची देणगी. बायका एकमेकींच्या घरी गटाने जमून आपले अनुभव मांडू लागल्या आणि जे आपल्या एकटीचं दुखणं वाटत होतं ते घरोघरचं निघालं. ‘जे खाजगी, तेही राजकीय’ हे तत्त्व तिथून आलं. १९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांना निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ व्यक्ती यांची वर्णनं करायला सांगितली. प्रौढ व्यक्तीचं वर्णन पुरुषाच्या वर्णनाशी जुळलं, स्त्रीच्या वर्णनाशी नाही. म्हणजे बाई ‘बाईसारखी’ वागली तर अपुरी प्रौढ, आणि प्रौढासारखी वागली तर बिघडलेली बाई. इडाच्या किळसेला रोग ठरवणारी फूटपट्टी सत्तर वर्षांनंतरही दवाखान्यांत वापरात होती.

पहिली भेट. उपचारक वडिलांचं ऐकून घेईल, पण त्यांच्या मागणीला हो म्हणणार नाही. इडाशी एकटीशी बोलेल. इथे काय होईल, किती वेळ, काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, तुला थांबायचं असेल तेव्हा थांबता येईल, हे आधी सांगेल, आणि उद्दिष्ट तिच्याकडून घेईल. यालाच समतेचं नातं म्हणतात. उपचारकाकडे ज्ञानाची आणि पदाची सत्ता असतेच, ती नाकारून चालत नाही. ती उघडी ठेवायची, म्हणजे तिच्यावर प्रश्न विचारता येतात. इडाने कदाचित एवढंच म्हटलं असतं: मी खोटं बोलत नाही हे बाबांनी मान्य करावं. आणि सगळ्यांआधी ती चिठ्ठी. फ्रॉइडला तिच्यात फारसं गांभीर्य वाटलं नाही. आज कुठलाही उपचारक ती बाजूला ठेवून स्वप्नाकडे वळणार नाही. आजही मरावंसं वाटतं का, काही ठरवलंय का, अशा वेळी कुणाला सांगू शकतेस, हे थेट विचारेल.

मग सत्तेचं विश्लेषण. कागदावर नावं लिहायची आणि प्रत्येकाकडे काय आहे ते मांडायचं. वडिलांकडे पैसा, घर, डॉक्टर निवडण्याचा हक्क. श्री. के. यांच्याकडे दुकान, प्रतिष्ठा आणि पुरुषाचा शब्द. सौ. के. यांच्याकडे वडिलांवरचा प्रभाव, पण नवऱ्यापासून सुटण्याचा मार्ग नाही. आईकडे स्वयंपाकघर आणि कपाटांच्या किल्ल्या. गव्हर्नेसकडे महिन्याचा पगार, तोही मालकाच्या मर्जीवर. इडाकडे? आजार. फ्रॉइडनेही हे जवळून पाहिलं होतं. वडिलांनी सौ. के. यांना सोडलं तर ही लगेच बरी होईल असं तो लिहितो, आणि लगेच पुढे म्हणतो की वडिलांनी तसं करू नये, कारण मग आजार हे केवढं हत्यार आहे ते हिला कळेल. स्त्रीवादी उपचारक नेमकं उलट विचारेल: दुसरं कुठलं साधन हिच्या हातात ठेवलं होतं?

त्या कागदावर बाउअर कुटुंब ज्यू होतं हेही लिहायला हवं. १८९७ पासून व्हिएन्नाच्या महापौरपदी कार्ल ल्युगर होता आणि ज्यूद्वेष हे त्याच्या राजकारणाचं भांडवल होतं. अशा शहरात घरातली गोष्ट चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये ही भीती दुप्पट असते. आपल्याकडे दलित किंवा मुस्लिम घरातली मुलगी तक्रार करायला कचरते तेव्हा तिच्या मनात नवऱ्याच्या भीतीबरोबर ही भीतीही असते. फक्त लिंगभावाचा चष्मा लावून बसलेल्या समुपदेशकाला ती दिसत नाही.

त्याच्या जोडीला लिंगभावाच्या भूमिकांचं विश्लेषण. मुलगी म्हणून तुला काय शिकवलं गेलं? आजारी वडिलांची सेवा करायची, दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, भेटवस्तू मिळाल्या की हसून घ्यायच्या, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. यातलं काय तुला हवंय आणि काय नको? इडाला शिकायची आवड होती. ती स्त्रियांसाठीच्या व्याख्यानांना जायची, चित्रप्रदर्शनं बघायची. व्हिएन्ना विद्यापीठाने तत्त्वज्ञान शाखा मुलींना १८९७ मध्ये आणि वैद्यकशाखा १९०० मध्ये खुली केली होती. घराबाहेरचं एक दार तिच्यासमोर नुकतंच किलकिलं झालं होतं आणि अकरा आठवड्यांत त्याचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही.

नव्याने नाव देणं हे तंत्र इथे सर्वांत जास्त उपयोगी पडलं असतं. किळस ही निरोगी शरीराची प्रतिक्रिया. थोबाडीत मारणं हा स्वतःचा बचाव. किल्ली मागून घेणं ही सुरक्षेची योजना, आणि ती सोळा वर्षांच्या मुलीने एकटीने केलेली. वडिलांबरोबर निघून जाणं हा त्याच योजनेचा पुढचा भाग. पुस्तक वाचणं म्हणजे आपल्याशी काय चाललंय ते समजून घेण्याची धडपड, आणि ज्या मैत्रिणीबरोबर ते विषय निघायचे तिनेच ते तिच्या विरोधात पुरावा म्हणून वापरू दिलं, ही फसवणूक. सौ. के. यांच्या त्या वागण्याने इडाला किती लागलं असेल, याचा अंदाज फ्रॉइडला उशिरा आला. तिच्या मनात सर्वांत खोल जागा सौ. के. यांच्यासाठी होती, हे आपल्या लक्षात आलं नाही असं त्याने नंतर लिहिलं.

खोकल्याचं आणि गेलेल्या आवाजाचं काय? इथे सावध राहायला हवं. दम लागणं आठव्या वर्षापासूनचं आहे, घरात क्षय होता, त्यामुळे प्रत्येक लक्षण श्री. के. यांच्या खात्यावर टाकणं म्हणजे फ्रॉइडचीच खोड दुसऱ्या दिशेने करणं. शरीराची नीट तपासणी व्हावी, आणि तरीही विचारावं की आवाज जातो तेव्हा घरात काय चाललेलं असतं. उत्तर इडाने द्यावं.

आपल्या इथे

मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संस्था आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. या कामातून स्त्रीवादी समुपदेशन मराठीत बोलायला शिकलं. अंगदुखी, झोप नाही, चक्कर, अशा तक्रारी घेऊन ओपीडीत आलेल्या बाईला घरी कसं आहे, हे विचारणं हा त्याचा साधा भाग. आज चौदा वर्षांच्या मुलीशी असं काही घडलं तर तो २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर समुपदेशकालाही ते कळवावं लागतं. कायदा हवाच. पण बोलणं मुलीच्या हातात राहू द्यायचं हे तत्त्व आणि कळवण्याचं बंधन यांची ओढाताण खोलीत बसून सोसावी लागते. म्हणून गुप्ततेच्या मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या, मुलीने मन मोकळं केल्यानंतर नाही.

मे १९०१

१९२२ मध्ये फेलिक्स डॉइच या डॉक्टरने इडाला तपासलं. तिच्या मृत्यूनंतर त्याने १९५७ मध्ये निबंध लिहिला आणि त्यात कुणा ओळखीच्याचा शेरा उद्धृत केला, की आपण पाहिलेल्या हिस्टेरिकांपैकी ही सर्वांत किळसवाण्यांपैकी एक होती. केसचा शेवट म्हणून हा शेरा वारंवार सांगितला जातो. मला तो मान्य नाही. या केसमध्ये उपचार कुठे झाला असेल तर तो तिने फ्रॉइडला सोडल्यावर चार-पाच महिन्यांनी, के. यांच्या घरात.

के. दांपत्याचं एक नाजूक प्रकृतीचं मूल मे १९०१ मध्ये गेलं. इडा भेटायला गेली. सौ. के. यांना ती म्हणाली, तुमचे माझ्या वडिलांशी संबंध आहेत हे मला माहीत आहे. त्यांनी नाकारलं नाही. श्री. के. यांच्याकडून तिने तळ्याकाठची गोष्ट कबूल करून घेतली. आणि ही कबुली तिने वडिलांना नेऊन ऐकवली. ज्या एका गोष्टीसाठी ती तीन वर्षं झगडत होती ती तिने स्वतः मिळवली. पुढच्या एप्रिलमध्ये ती चेहऱ्याच्या कळांची तक्रार घेऊन फ्रॉइडकडे आली तेव्हा तिने हे सगळं सांगितलं, आणि तब्येत पुष्कळ सुधारल्याचंही. फ्रॉइड लिहितो की आपण तिला क्षमा करण्याचं वचन दिलं, कारण तिने आपल्याला तिला पूर्ण बरं करण्याचं समाधान मिळू दिलं नव्हतं.

तरी त्या भेटीची जागा आणि वेळ बघा. मूल गेलेलं घर, सोबत कुणी नाही, परत आल्यावर बोलायला कुणी नाही. ठामपणाचं प्रशिक्षण म्हणतात ते याचसाठी असतं: काय बोलायचं ते आधी मोठ्याने बोलून पाहायचं, समोरचा नाकबूल झाला तर काय, ओरडला तर काय, बाहेर पडायचं कसं, आणि त्या संध्याकाळी कुणाकडे जायचं. ऑक्टोबरमध्ये इडाने रस्त्यात श्री. के. यांना पाहिलं. तिला बघून ते गोंधळून जागच्या जागी थांबले आणि एका गाडीची त्यांना धडक बसली. फार लागलं नाही. पण इडाचा आवाज पुन्हा गेला, तो सहा आठवडे. कबुलीने प्रश्न मिटत नाही, असे धक्के मागाहून येत राहतात. म्हणून फाइलवर ‘सुधारणा’ लिहिल्यानंतरही भेटी चालू ठेवाव्या लागतात, आणि पुढची तारीख बाईला विचारूनच ठरवावी लागते.